उपडा पेला

आमच्या घरात भांडं हातात आलं की पहिल्यांदा ते उपडं व्हायचं. काही कार्य झालं की दुसऱ्या दिवशी मोरीपाशी भांड्यांचा ढीग पडलेला असे आणि आई, मावशी, शेजारच्या काकू एकेक पातेलं उलटं करून नाव वाचत बसत. 'हे आपलं. हे वरच्या मजल्यावरचं. आणि हे कुणाचं गं बाई, नुसतंच वि. गो. लिहिलंय?' ताटाच्या काठाखाली, तांब्याच्या गळ्याशी, डब्याच्या झाकणावर टिंबाटिंबांनी घातलेली ती नावं. कधी नुसती आद्याक्षरं, कधी 'मामाकडून सप्रेम भेट' आणि खाली तारीख. भांड्यांच्या दुकानात नावं घालणारा मुलगा कोपऱ्यात बसलेला असे. त्याच्या यंत्राच्या किरकिरीने माझे दात शिवशिवत, पण नाव घातल्याशिवाय आई दुकानातून हलत नसे.

त्यामुळे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये, एका चर्चच्या हॉलमध्ये भरलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात अडीचशे वर्षांपूर्वीचा वाइनचा पेला हातात आला तेव्हा मी तो सवयीने उपडा केला. टेबलामागच्या म्हातारबुवांनी भुवया उंचावल्या. मला वाटलं, आता ओरडतात. पण ते खूश होऊन म्हणाले, 'बरोबर. जाणकार आधी तिथेच बघतात.' मी जाणकार वगैरे काही नव्हते. मी नाव शोधत होते.

नाव नव्हतं. तळाच्या बरोबर मध्यावर एक खडबडीत व्रण होता, बोट फिरवलं तर टोचेल असा. तळाच्या काठाचा एके ठिकाणी टवका गेला होता आणि म्हणूनच पेला साठ पौंडांत मिळत होता. धड असता तर मी किमतीची चिठ्ठी वाचून मुकाट्याने पुढे सरकले असते.

घरी आणल्यावर नवऱ्याने विचारलं, 'आपल्याकडे पितं कोण? उदबत्त्या लावायच्यात का यात?'

खरं तर याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, चषक. पण चषक म्हटलं की आता लॉर्ड्सच्या गच्चीत उभा असलेला कपिलदेवच आठवतो. ते ओठांना लावायचं भांडं होतं हे आपण विसरूनच गेलोय. म्हणून मी आपलं पेलाच म्हणते.

पेला वीतभर उंचीचाही नाही. वर फुलासारखी उमलत गेलेली छोटी वाटी, खाली पसरट तळ आणि मध्ये करंगळीएवढा दांडा. सगळी गंमत त्या दांड्यात आहे. काचेच्या आत पांढरे दोरे आहेत. अगदी मध्यात बारीक सुतांचा जाळीदार पीळ, आणि त्याच्याभोवती दोन जाड पांढऱ्या फिती वळसे घेत खाली उतरलेल्या. नखाने खरवडलं तर नख गुळगुळीत काचेवरून घसरतं, दोऱ्यापर्यंत पोचतच नाही. दांडा दोन बोटांत फिरवला की फिती वर वर चढत राहतात आणि संपतच नाहीत. पहिल्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली कितीतरी वेळ नुसती दांडा फिरवत बसले होते. डोक्यात एकच प्रश्न होता: हे आत गेलं कसं?

उत्तर शोधताना पहिली ठेच लागली ती शेंदराची.

काच म्हणजे वाळू वितळवलेली, एवढं शाळेत शिकलो होतो. नुसती वाळू वितळायला प्रचंड उष्णता लागते, म्हणून तिच्यात क्षार घालतात. व्हेनिसच्या मुरानो बेटावरचे कारागीर समुद्रकाठच्या झुडपांची राख वापरत आणि त्या राखेतून त्यांनी पंधराव्या शतकात जवळजवळ पाण्यासारखी नितळ काच काढली. सगळा युरोप तिच्यामागे वेडा झाला. लंडनचा जॉर्ज रेवन्सक्रॉफ्ट हा अशीच व्हेनिसची काच आणून विकणारा व्यापारी. आपणच ती का करू नये, असं त्याच्या मनात आलं आणि १६७४ साली त्याने नव्या काचेचं पेटंट मिळवलं. सुरुवातीची काच मात्र आजारी निघाली. काही दिवसांत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगांचं जाळं पसरे. मग त्याने मिश्रणात शिशाचं ऑक्साइड घालून पाहिलं आणि काच सुधारली. शिशाचं हे तांबडं ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूर. मारुतीच्या अंगावरचा, गावाबाहेरच्या म्हसोबावरचा तोच. शिशाच्या काचेच्या जुन्या कृतीचं ढोबळ प्रमाण तीन भाग वाळू, दोन भाग शेंदूर आणि एक भाग पोटॅश हा क्षार असं आहे. या मिश्रणात सोराही पडे, आणि सोरा त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं आपल्याकडून, बिहार-बंगालमधून, भरभरून नेत होती. तोफांच्या दारूसाठी नेलेल्या मालातला थोडा पिण्याच्या दारूच्या पेल्यांतही गेला म्हणायचा.

शेंदराने काच जड झाली. तिच्यातून उजेड वाकडा होऊन लखलखायला लागला. टिचकी मारली की ती घंटेसारखी वाजायला लागली. माझ्या पेल्याला हळूच टिचकी मारा, देवघरातल्या लहान घंटेसारखा नाद निघतो आणि बराच वेळ रेंगाळतो. पण कारागिराच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ही काच सावकाश घट्ट होते. व्हेनिसची काच भराभर आळते, तिच्याशी झटापट करावी लागते. शिशाची काच थांबते, सवड देते. पाकाशी तुलना केली तर कळेल. साखरेचा पाक एकतारीवरून गोळीबंद कधी झाला हे ज्या बाईला कळलं नाही तिचे लाडू बिघडले. इथे पाकच दोन मिनिटं जास्त थांबायला तयार आहे.

रेवन्सक्रॉफ्टला १६७७ मध्ये आपल्या मालावर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहर उठवायची मुभा मिळाली. रेवन म्हणजे डोमकावळा, त्याच्या आडनावावरची कोटी. ती मोहर असलेले मोजकेच नग आज शिल्लक आहेत आणि संग्रहालयं ते डोळ्यांत तेल घालून जपतात. म्हणजे नाव घालायची पद्धत यांच्याकडेही होती. फक्त नाव मालकाचं. भट्टीपुढे उभे राहणारे वेगळेच.

आणि भट्टी कोळशाची. जहाजबांधणीला लाकूड लागतं म्हणून राजा पहिल्या जेम्सने १६१५ मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. कोळशाच्या धुराने शिशाची काच काळवंडते, म्हणून ती बंद तोंडाच्या मातीच्या कुंड्यांत वितळवायची. न्यूकॅसलला कोळशाची कमी कधीच नव्हती, त्यामुळे टाइन नदीकाठी काचभट्ट्या फोफावल्या. माझ्या घरापासून बसने गेलं की लेमिंग्टनला १७८७ साली बांधलेला विटांचा एक प्रचंड शंकू अजून उभा आहे. तो खरं तर धुराडंच, पण त्याच्या पोटात भट्टी आणि भट्टीभोवती माणसं काम करत. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कऱ्हाडजवळची ओगलेवाडी आठवली. ओगल्यांचा काचकारखाना तिथे १९१६ मध्ये सुरू झाला आणि त्याचे प्रभाकर कंदील घरोघर गेले. आजीकडे एक होता. त्याची काच राखेने पुसताना 'हळू, ती ओगल्यांची आहे' असं ती दरवेळी बजावायची. तिथेही नाव मालकाचंच.

आता तो दांडा. एका कार्यशाळेत काच फुंकणाऱ्या बाईंचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि तेव्हा कुठे मला तो कळला. पुस्तकातली चित्रं पाहून काही कळलं नव्हतं.

पांढऱ्या अपारदर्शक काचेच्या पेन्सिलीसारख्या कांड्या आधीच ओढून ठेवलेल्या असतात. एका उभ्या साच्यात, आतल्या भिंतीला लागून, त्या गोलाकार उभ्या करायच्या. लोखंडी सळईच्या टोकावर वितळलेल्या पारदर्शक काचेचा गोळा घ्यायचा आणि तो साच्यात दाबायचा. कांड्या त्याला चिकटतात. बाहेर काढला की पांढऱ्या पट्ट्यांचा पारदर्शक गोळा. त्यावर पुन्हा नितळ काचेचा थर घ्यायचा, म्हणजे कांड्या आत बंद झाल्या. मग दुसरा माणूस आपली सळई समोरच्या टोकाला चिकटवतो आणि दोघं एकमेकांपासून उलट्या पावलांनी मागे चालत जातात. चालता चालता एक जण आपली सळई गोल फिरवत राहतो. मधला नारिंगी गोळा ताणत जातो, बारीक होतो, झोळीसारखा खाली झुकतो, आणि त्याच्या पोटात पीळ बसत जातो. नवल म्हणजे गोळ्यात जी रचना असते तीच बारीक होऊन तारेत उतरते. मुठीएवढ्या गोळ्यातली नक्षी करंगळीत मावते, एक धागा इकडचा तिकडे होत नाही. शेवटी लांबच लांब कांडी जमिनीवरच्या फळ्यांवर ठेवतात आणि थंड झाली की दांड्याएवढे तुकडे करतात.

पांढरी काच न वापरता नुसत्या हवेचाही पीळ करत. गोळ्याला खिळ्यांच्या हत्याराने गोलाकार भोकं पाडायची आणि त्यावर काचेचा दुसरा थर चढवायचा, म्हणजे प्रत्येक भोकात हवेचा एकेक बुडबुडा अडकतो. ताणून पिळलं की बुडबुड्यांचे चंदेरी धागे होतात. असे पेले संग्रहालयात पाहिले की लोक हमखास म्हणतात, अहाहा, अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा श्वास आत कोंडलाय. तसं काही नाही. तो श्वास वरच्या वाटीत गेला आणि उडून गेला. दांड्यात आहे ती भट्टीजवळची साधी गरम हवा. मला ती जास्त आवडते.

पुढचं काम तिघाचौघांच्या टोळीचं. प्रमुख कारागीर दोन लांब हात असलेल्या खुर्चीवर बसतो आणि त्या हातांवर फुंकणी मागेपुढे लोळवत राहतो, कारण फिरवणं थांबलं की काच लोंबायला लागते. हो, फुंकणीच, चुलीपुढची असते तशी, फक्त माणसाएवढी लांब. फुंकून वाटी झाली की तिच्या बुडाला पीळदार दांड्याचा तुकडा चिकटवायचा. दांड्याच्या टोकाला काचेचा ठिपका देऊन तो लाकडी फळ्यांत दाबून, फिरवून तळ करायचा. आता पेला पूर्ण झाला, पण त्याचं तोंड अजून फुंकणीला अडकलेलं. ते सोडवायचं तर पेला दुसरीकडून धरायला हवा. म्हणून पोंटिल नावाच्या सळईच्या टोकावर किंचित काच घेऊन ती तळाच्या मध्यावर चिकटवतात, फुंकणीकडची बाजू टिचकवून मोकळी करतात, काठ पुन्हा तापवून कात्रीने कापतात आणि आगीतच गुळगुळीत होऊ देतात. मग सळईवर एक हलका ठोका. पेला सुटतो. राहतो तो तळाचा व्रण. त्यानंतर लांबट बोगद्यासारख्या भट्टीतून पेला तासन्‌तास सावकाश थंड होत जातो. घाई केली तर आतल्या ताणाने आपला आपण तडकतो.

तळ मध्ये उचललेला, छत्रीसारखा असतो तो याच व्रणासाठी, टेबलावर ओरखडा उठू नये म्हणून. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस व्रण घासून गुळगुळीत करायची रीत वाढली. दिसायला छान. पण माझं बोट मग तिथे थांबलं नसतं.

हा पीळ आला कुठून, याचं एक तयार उत्तर सगळीकडे मिळतं: कर. १७४५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये काचेच्या कच्च्या मालावर वजनाने कर बसला, उंची काचेला दर हंड्रेडवेटमागे, म्हणजे सुमारे पन्नास किलोंमागे, ९ शिलिंग ४ पेन्स. म्हणून पेले हलके झाले, जाड गाठीगाठींचे दांडे गेले आणि भरभक्कमपणाची उणीव नक्षीने भरून निघाली. गोष्ट बेतीव आहे आणि म्हणूनच मला ती पुरती पटत नाही. हलके दांडे आणि हवेचा पीळ यांची सुरुवात कराच्या आधीच दिसते. माणसांना जडपणाचा कंटाळा येतो, त्याला सरकार लागत नाही. हां, पांढऱ्या पिळाची चलती संपायला मात्र कराचा हात लागला असावा. पांढरी काच आधी करातून सुटलेली होती, १७७७ मध्ये कर दुप्पट करताना तिलाही ओढलं, आणि पुढे पैलू पाडलेले दांडे आले. कर उठला १८४५ मध्ये, पुरत्या शंभर वर्षांनी.

नावांचं मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

न्यूकॅसलच्या लेंग आर्ट गॅलरीत बील्बी भावंडांनी रंगवलेले पेले आहेत. बाप डरहॅमचा सोनार, धंद्यात बुडाला आणि कुटुंब न्यूकॅसलला आलं. विल्यम बील्बी काचेवर मीनाकारी करायला शिकला. काचेचीच रंगीत पूड, ती कुंचल्याने लावायची आणि पेला पुन्हा भट्टीत घालायचा, इतकाच तापवायचा की रंग वितळून बसेल पण पेला लवणार नाही. १७६० च्या दशकात त्याने तयार पीळदार पेले घेऊन त्यांवर द्राक्षवेली, पडके मनोरे, राजाची चिन्हं रंगवली. निळसर पांढऱ्या रंगाची ती बारीक वेल पाहताना मला मेंदीच्या कोनाची आठवण होते. काही पेल्यांवर त्याची झोकात सही आहे, गावाच्या नावासकट. हे काम त्याने बहिणीला, मेरीलाही शिकवलं होतं. त्यांच्या घरी शिकाऊ म्हणून राहिलेला थॉमस ब्यूइक, पुढे लाकडावरच्या कोरीव चित्रांसाठी गाजलेला, याने उतारवयात लिहिलेल्या आठवणींत तिच्यावर जीव जडल्याचं सांगितलंय. तिला तरुणपणीच अर्धांगाचा झटका आला. मेरीची सही असलेला पेला माझ्या पाहण्यात नाही. आणि ज्या पेल्यावर विल्यमची सही आहे त्याचा पीळ ओढायला उलट्या पावलांनी कोण चालत गेलं, ते त्या पेल्यावर कुठेच नाही.

याच काळात नावं मुद्दाम न घालायचे पेलेही निघाले. १६८८ मध्ये गादीवरून हटवलेल्या दुसऱ्या जेम्सच्या वंशाला मानणारे लोक उघडपणे त्याचं नाव घेऊ शकत नसत. मग पेल्यावर गुलाब कोरायचा, शेजारी एक-दोन कळ्या, ओकचं पान, एखादा लॅटिन शब्द. मेजवानीत राजाच्या नावाने पेले उंचावले की हे लोक आपला पेला पाण्याच्या भांड्यावरून फिरवत, म्हणजे समुद्रापलीकडे परागंदा झालेल्या आपल्या राजाच्या नावाने. १७४६ मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर लढाईत त्यांचा खेळ संपला तरी पेले निघतच राहिले. एका अभ्यासकाने हे गुलाब भिंगाखाली धरले. पाकळी कशी वळवली, कळीचं देठ कसं ओढलं, यावरून पाच मुख्य कोरणाऱ्यांचे हात वेगवेगळे ओळखता येतात असं त्याने दाखवलं. नावं नाहीतच, म्हणून ए, बी, सी, डी, ई. वि. गो. परवडले.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझी सगळी भांडी घासायला काढली. मी धावत जाऊन पेला तिच्या हातातून घेणार, तेवढ्यात तिने तो उपडा केला.

'नाव नाही घातलं?'

मी तिला जमेल तसं सांगितलं, सळई, ठोका, व्रण. तिने व्रणावरून अंगठा फिरवला. 'बेंबी आहे ही,' म्हणाली. 'नाळ कापल्यावर राहते तशी.' मग चष्मा चढवून दांड्यातला पीळ पाहिला, दांडा फिरवला, पुन्हा फिरवला. 'सुतरफेणीसारखं आहे गं. याला किती दिलेस?'

मी साठातले वीस पौंड खाऊन सांगितले. तरी तिने त्याचे मनात रुपये केलेच आणि पेला घाईघाईने टेबलाच्या मध्यावर, काठापासून लांब ठेवला. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

'आणलायस तर पाणी तरी पी त्यातून. नुसता कपाटात ठेवून काय करायचंय.'

शिशाचं भांडं आहे, रोज वापरू नये, पण एक पेलाभर पाण्याने काही होत नाही, असा विचार करून मी माठातलं नाही पण नळाचं गार पाणी काठोकाठ भरून तिच्यापुढे धरलं. तिने भांड्याला तोंड न लावता वरून प्यायचा प्रयत्न केला, ते काही जमेना. शेवटी ओठ लावले. दोन घोटांत पाणी संपलं. त्या काळी पेले टेबलावर ठेवतच नसत. नोकर भरून आणायचा, एका दमात प्यायचं, की तो परत नेऊन विसळायचा, म्हणून वाटी लहान ठेवत, हे मी तिला सांगायला सुरुवात केली होती.

आई रिकामा पेला उजेडाकडे धरून आत बघत होती. 'एवढंसंच मावतं होय?' ती म्हणाली आणि पेला पुढे केला. 'आण अजून.'